गोधडीच्या नोंदी: दोन लेकरं, सहा सुया, सात महिने

१० जून २०२४, सोमवार

थोरली पाच वर्षांची, धाकटा दीड. घर नाशिकचं, नोकरी पूर्णवेळ. धाकटा झाल्यापासून हाताला काहीतरी हवं म्हणून दोन गोष्टी करून पाहिल्या आणि दोन्ही फसल्या. ते आधी लिहून टाकते, म्हणजे गोधडीच का, हे कळेल.

पहिला प्रयत्न जलरंगांचा. आठ महिन्यांत कागद चार वेळा उघडला. आभाळाचा ओला हात द्यायचा आणि तो ओला असतानाच पुढचं करायचं, हे माझ्या घरात अशक्य आहे. अर्धं आभाळ झालं की आतून "आई, झाऽऽली" अशी हाक येते. धुऊन परत येईपर्यंत आभाळाला काठ पडलेले. शेवटच्या वेळी धाकट्याने ब्रश धुतलेलं पाणी प्यायलं. हिरवे ओठ घेऊन हसत उभा. त्या दिवशी रंग माळ्यावर गेले.

मग क्रोशे. ते मध्येच ठेवता येतं, पण मोजणी मध्येच ठेवता येत नाही. "सत्तावीस, अठ्ठावीस, काय रे बाळा?" आणि पुन्हा एकपासून.

म्हणून आता अट एकच. ज्या क्षणी उठावं लागेल त्या क्षणी टाकून उठता आलं पाहिजे, आणि तीन दिवसांनी परत बसले तरी काम होतं तिथेच सापडलं पाहिजे. गोधडीचा धावदोरा, म्हणजे साधा सरळ टाका, या अटीत बसतो. मोजायचं नाही, वाळायचं नाही, सुई जिथे थांबली तिथून पुढे.

माहेरच्या ट्रंकेतून आजीची तीन लुगडी आणली. दोन सुती, एक इरकली. शिवाय पोरांची झबली, दुपटी, बाबांचं एक जुनं धोतर. दुकानातून सुयांची दोन पाकिटं, अंगुस्तान (बोटाला सुई टोचू नये म्हणून टोपी), खडू. वापरात फक्त सहा सुया काढल्या आणि बाकीच्या कपाटाच्या वरच्या खणात कुलपात. रोज उठताना सुया मोजायच्या आणि आकडा इथे लिहायचा, असं ठरवलंय. घरात रांगणारं-चालणारं पोर असेल तर हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

सुया: ६.

१६ जून, रविवार

धुणं. पहिली चूक मुहूर्ताचीच, पावसाळ्यात जुनी कापडं धुवायला काढली. एक लुगडं आठ मीटरच्या वर. दोन खोल्यांच्या घरात तीन लुगडी वाळत घातल्यावर घराचा मांडव झाला. पोरं खूश, मी नाही. तीन दिवस झाले तरी घडीच्या आत दमट वास आहेच.

इरकलीचा लाल पदर रंग सोडतोय. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवला, फार फरक पडला नाही. चौथ्या धुण्याला पाणी जवळजवळ स्वच्छ आलं. जवळजवळ. हा शब्द लक्षात ठेवा, डिसेंबरात परत येणार आहे. (ही दोन वाक्यं मागाहून घातली आहेत.)

३० जून, रविवार

कापणी. जुनं कापड दिसतं तसं नसतं. खिडकीशी उजेडाकडे धरून पाहिलं तेव्हा एका लुगड्याचा बसायचा भाग पार जाळीसारखा विरलेला दिसला. बोटांनी हलका ताण दिला तर टर्र. असा भाग आत घातला तरी टाक्यांच्या ओळीवरून फाटतो, म्हणून काढून टाकला. पुसायची फडकी झाली.

काठ सगळे कापून वेगळे ठेवले. काठाचं विणकाम घट्ट असतं आणि सुई तिथे अडते. शेवटी गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, वापरू.

एक सिंथेटिक साडी बहिणीने प्रेमाने दिली होती, ती परत केली. सुती कापडावर ती सरकत राहते आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते.

७ जुलै, रविवार

आजचे दोन तास वाया गेले. हॉलमध्ये फरशी पुसून थर मांडले. लुगड्याच्या चार घड्या केल्या की साधारण पंचेचाळीस इंच पन्ह्याचे आणि ऐंशी इंच लांबीचे चार थर होतात. मला वाटलं, नाशिकची थंडी आहे, दोन लुगडी घालू. म्हणजे आठ थर, वर-खाली आणखी दोन.

सुई आत गेली, बाहेर येईना. पकडीने ओढली. असे पाच टाके घातले आणि अंगठ्याचं पेर लाल झालं. आजी करायची ती गोधडी जाड असायची हे खरं, पण तिचे हात शेतातले होते, माझे कीबोर्डवरचे.

सगळं उचललं. आता आत तीन थर, वर ठिगळांचा एक, खाली एक, एकूण पाच. नवीन करणाऱ्याने पाचाच्या वर जाऊ नये. आधी हातभर तुकड्यावर पाच थर घेऊन दहा टाके घालून पाहिले असते तर हे दोन तास वाचले असते.

सुया: ६.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

सुट्टी, साबुदाण्याची खिचडी, पोरं दुपारी झोपली. ठिगळं जोडते आहे. मशीन आहे घरात, पण त्याच्या खडखडाटाने धाकटा उठतो. म्हणून हातानेच.

झबल्यांनी घोटाळा केला. होजिअरीचं कापड ताणलं जातं. सुती तुकड्याला जोडलं की एकीकडे फुगतं, दुसरीकडे चुण्या. सहा ठिगळं उसवली. उपाय सासूबाईंनी सांगितला. झबल्याचा तुकडा आधी धोतराच्या तुकड्यावर चारी बाजूंनी टाचायचा आणि मग तो जोडतुकडा ठिगळ म्हणून लावायचा. मग ते ताणत नाही. वेळ दुप्पट लागतो. पाच झबली ठेवली, उरलेल्यांचा मोह सोडला.

२८ जुलै, रविवार

या सगळ्या कामात एकच टप्पा असा आहे जो तुकड्यातुकड्यांनी होत नाही. थर पसरून कच्चा टाका, म्हणजे थर हलू नयेत म्हणून तात्पुरता, मागाहून काढायचा टाका, घालणं. जमिनीवर पाच थर सुरकुतीशिवाय पसरलेले असताना त्यावरून दीड वर्षाचं पोर चाललं तर संपलं. त्यामुळे सासूबाईंनी दोघांना शेजारच्या काकूंकडे नेलं. "दीड तास. त्याच्या वर तो थांबायचा नाही," असं बजावून गेल्या.

टाचण्या वापरल्या नाहीत. एक पडली आणि दिसली नाही तर काय, हा विचार करवत नाही. नुसता लांब लांब कच्चा टाका, रंगीत दोऱ्याने, वीतभर अंतराने.

शेवटची वीस मिनिटं घाई केली. मधल्या भागात वीतभराऐवजी हातभर अंतर ठेवलं. चालून जाईल म्हटलं.

४ ऑगस्ट, रविवार

पहिल्या ओळी. दोरा साध्या शिलाईचा घेतला तर तिसऱ्या ओढीला तुटला. कशिद्याचा सहा पदरी दोरा आणला. लडीत आठ मीटर असतो. तीन-तीन पदर वेगळे केले की सोळा मीटर होतो. पदर वेगळे करताना हातभर कापून मगच करा, सबंध लड सोडवायला गेलात तर अर्धा तास गुंता सोडवत बसाल. मी बसले.

ओळींमध्ये एक बोट अंतर. एका ओळीला पंचावन्न मिनिटं लागली. आजी कडेने सुरू करून चौकोनात चौकोन आत यायची. मी कडेने सुरू केलं, पण सरळ रेघा घेतल्या.

सुया: ६.

११ ऑगस्ट, रविवार

काल रात्री सुया पाच भरल्या.

रात्रीचे पावणेअकरा. धाकटा मध्येच रडत उठला म्हणून गोधडी तशीच सोडून गेले होते, थोपटून परत आले, मोजल्या, पाच. पुन्हा मोजल्या. नवऱ्याला उठवलं. गादी झटकली, सोफ्याच्या फटी, चटई, खेळण्यांची टोपली. मोबाइलचा उजेड फरशीला आडवा धरून रांगत सगळा हॉल पाहिला. आडव्या उजेडात बारीक वस्तूची सावली लांब पडते, हे त्यातल्या त्यात उपयोगाचं. फ्रिजवरचं चुंबक फिरवलं, त्याला स्टेपलरची पिन सुद्धा धड चिकटेना. सव्वाबाराला नवऱ्याने जुना बिघडलेला स्पीकर खोलून त्याचं चुंबक काढलं.

साडेबाराला सुई सापडली. माझ्याच कुर्त्याच्या खांद्यावर टोचलेली. रडणं ऐकून उठताना मीच सवयीने तिथे खोचली होती, आणि त्याच खांद्यावर त्याचं डोकं ठेवून मी वीस मिनिटं थोपटत होते.

झोप लागली नाही. आजपासून तीन नियम. सुई अंगावरच्या कपड्यात कधीही खोचायची नाही. प्रत्येक सुईत कायम लाल दोरा, रिकामी सुई ठेवायचीच नाही, म्हणजे दोऱ्यामुळे दिसते. आणि उठायचं असेल तर, पोर कितीही रडो, आधी सुई गोधडीच्या ठरलेल्या कोपऱ्यातल्या पिवळ्या ठिगळात. चार सेकंद लागतात. चार सेकंदांनी कोणाचं काही बिघडत नाही.

स्पीकरचं चुंबक आता सुईच्या डबीतच असतं.

सुया: ६.

२५ ऑगस्ट, रविवार

नऊ ओळी झाल्या आणि मधोमध फुगा आला. कडेकडून शिवत आत आल्यामुळे खालचं कापड ढकललं जात होतं, आणि मध्ये कच्चा टाका विरळ असल्याने त्याला अडवायला काही नव्हतं. भाकरी टम्म फुगावी तसा थर वर आला. दाबला की शेजारी फुगायचा.

सासूबाई चष्मा पुसत जवळ आल्या. हात फिरवला. "कच्चा टाका घालताना घाई केलीस ना?"

"आई, दीड तासच होता हातात."

"मग उरलेला दुसऱ्या दिवशी घालायचास. गुंडाळून ठेवायची होतीस. उसव आता."

हे सुचलंच नव्हतं. जेवढ्या भागात टाका घातला तेवढा चटईसारखा गुंडाळून ठेवता येतो. म्हणजे तो टप्पाही तुकड्यांनी होतो, मीच मागे लिहिलंय की होत नाही. ते चुकीचं आहे, पण खोडत नाही.

नऊच्या नऊ ओळी उसवल्या. शिवायला गेलेले सात तास आणि उसवायला दोन. मधून कच्चा टाका पुन्हा, या वेळी चार रात्री थोडा थोडा. आता पहिली ओळ बरोबर मध्यावर, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. जास्तीचं कापड बाहेर ढकललं जाईल आणि कडेला कापता येईल. आजीची पद्धत चुकीची होती असं नाही. तिचे हात थर सांभाळत होते, माझे अजून सांभाळत नाहीत.

२९ सप्टेंबर, रविवार

गणपतीचे दहा दिवस काही नाही. विसर्जनानंतर पुन्हा सुरू. तेरा ओळी.

लोक विचारतात वेळ कुठून काढतेस. या आठवड्यात घड्याळ लावून लिहिलं. सोमवारी वीस मिनिटं. मंगळवारी शून्य, धाकट्याला ताप. बुधवारी पस्तीस. गुरुवारी बारा. शुक्रवारी चाळीस. शनिवारी शून्य, कारण काही नाही, झोपले. रविवारी पंचावन्न, तेही तीन तुकड्यांत. एकूण दोन तास बेचाळीस मिनिटं. ओळीला आता चाळीस मिनिटं लागतात, म्हणजे आठवड्याला चार ओळी. हा हिशेब केल्यापासून चिडचिड कमी झाली. आधी मला वाटायचं रोज एक ओळ व्हायला हवी, आणि रोज रात्री मी नापास व्हायचे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. गुरुवारची ती बारा मिनिटं आपोआप मिळाली नाहीत. त्या वेळी नवरा भांडी घासत होता. आधी तो "मी मदत करतो ना" म्हणायचा आणि कुठली भांडी कुठे, हे मला उठून सांगावं लागायचं. आता बुधवार, गुरुवार, शुक्रवार रात्रीचं स्वयंपाकघर त्याचं. मला विचारायचं नाही, मी बघायचं नाही. पहिल्या आठवड्यात दूध दोनदा नासलं. मी बघितलं नाही.

सुया: ६.

६ ऑक्टोबर, रविवार

थोरलीला सुई हवी. "मी पण शिवणार." नाही म्हटलं तर माझी पंधरा मिनिटं समजावण्यात जातात, हो म्हटलं तर सुई तिच्या हातात. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, कागदाला भोकं पाडायच्या यंत्राने कडेकडेने भोकं पाडली, आणि बुटाची नाडी दिली. नाडीचं टोक कडक असतं, सुई लागत नाही. तिने त्यावर मासा केला. म्हणजे तिच्या मते मासा.

यातून मला सलग अठरा मिनिटं मिळाली. धाकट्याला रिकामी रिळं आणि डबा. त्याची सहा.

पुठ्ठे पाच-सहा करून ठेवा. एक पुठ्ठा दोन दिवसांत जुना होतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सुई तुटली. एका ठिगळात काठाचा बोटभर पट्टा चुकून राहिला होता, तिथे जोर दिला आणि टक्. नाकाकडचा भाग हातात, टोक नाही.

जमिनीवर सापडलं नाही. म्हणजे गोधडीत. पाच थरांच्या आत कुठेतरी अर्धा इंच पोलाद, आणि यावर माझं पोर झोपणार. चुंबक वरून फिरवलं, काही नाही. खालून फिरवलं, काही नाही. मग गोधडी उताणी टांगली आणि एका हाताने चुंबक खालून धरून दुसऱ्या हाताने वरून बोटांच्या पेरांनी इंच इंच चाचपत गेले. तुटल्या जागेपासून दोन ओळी पलीकडे काहीतरी टोचलं. सुई तुटताना टोक थरांमधून आडवं सरकलं होतं.

तीन ओळी उसवून काढलं. दोन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर एकापुढे एक ठेवून अख्ख्या सुईशी लांबी ताडून पाहिली. पूर्ण जुळली तेव्हाच उठले. ही शेवटची पायरी चुकवू नका, सुई कधीकधी तीन तुकड्यांत तुटते.

सव्वीस ओळींच्या तेवीस झाल्या.

सुया: ५.

२० नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीत पुन्हा खंड. आज विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो, नवरा दोघांना घेऊन आईकडे गेला. पाच महिन्यांत पहिल्यांदा घर रिकामं. आधी दहा मिनिटं नुसती बसले.

मग सलग चार ओळी. एकूण सदतीस. संध्याकाळी अंगठा वळेना. पुढचे तीन दिवस पोळ्या लाटतानाही दुखत होता, सुई धरणं दूरच. (हे तेवीस तारखेला लिहितेय.) रिकाम्या दिवसाची इतकी वाट पाहिली होती, आणि पंचवीस-तीस मिनिटांवर माझा हातच थांबायला सांगतो. तेवढी तर रोजच्या धबडग्यातही मिळतात.

एक सुई वाकली, टाकली. नुसती टाकली नाही, चिकटपट्टीत गुंडाळून, कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हातात देताना सांगून.

सुया: ४.

८ डिसेंबर, रविवार

शेचाळीस ओळी. आणि धाकट्याने गोधडीवर शू केली. पलंगावर पसरून ठेवली होती, तो चढला, बसला, आणि माझ्याकडे बघत.

अर्धवट गोधडी धुवायची वेळ आली. सुया काढल्या, मोजल्या, बादलीत भिजवली, पिळली नाही, नुसती दाबली. कच्चा टाका होता म्हणून थर जागेवर राहिले. आणि लाल पदराने रंग सोडला. खालच्या पांढऱ्या धोतरावर फिकट गुलाबी ढग. जवळजवळ स्वच्छ पाणी म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे. रंग जातो की नाही हे बघायचं तर ओल्या लाल कापडावर पांढरा रुमाल दाबून ठेवायचा. रुमाल पांढरा राहीपर्यंत ते कापड घ्यायचं नाही. जून महिन्यात दोन मिनिटांचं काम होतं.

ढग तसेच ठेवलेत. सासूबाई म्हणाल्या, "खालच्या बाजूला कोण बघतंय." वाळायला दोन दिवस लागले, पण हिवाळ्याचं ऊन चांगलं होतं.

२५ डिसेंबर, बुधवार

छप्पन्नावी ओळ संपली. कच्चा टाका ओढून काढताना थोरलीला दिला, तिला हे काम फार आवडलं. सरसर निघतो.

१२ जानेवारी २०२५, रविवार

काठांचा गोट लावून झाला. सहा तास. तीन कोपरे नीट दुमडले, चौथ्यात काठ बोटभर कमी पडला, तिथे निळं ठिगळ. काठातून सुई जाण्यासाठी तिला आधी साबणाच्या वडीत खुपसायची, हे शेवटच्या हातभर गोटाला कळलं.

खर्च: दोऱ्याच्या बारा लडी १४४ रुपये, सुया ६०, अंगुस्तान २५, खडू १०, लुगड्यांची इस्त्री ६०. एकूण २९९. कापड घरचं.

वेळ, माझ्या नोंदींप्रमाणे: धुणं-कापणं सहा तास, ठिगळं चौदा, थर मांडणं चार, ओळी अडतीस, वाया गेलेले नऊ, गोट सहा. सत्त्याहत्तर तास. यात सुई शोधण्याचे तास धरलेले नाहीत.

रात्री धाकट्याला पांघरली. त्याने लाथेने दूर केली आणि हत्तीचं चित्र असलेलं विकतचं ब्लँकेट मागितलं. थोरली म्हणाली, मग मला. पाचव्या मिनिटाला पिवळं ठिगळ मुठीत धरून झोपली. तेच, ज्यात मी सुया टोचत होते. मी उठून दिवा लावला, चुंबक आणलं, ती झोपलेली असतानाच त्या ठिगळावरून दोनदा फिरवलं, आणि मग डबी उघडून पाहिली.

सुया: ४.